मऊ म्हणजे कसलं मऊ?

फाइल परत आली ती लाल खुणांनी भरून. घरगुती वस्तूंच्या माहितीपत्रकाचा अनुवाद होता तो. उशा, गाद्या, गालिचे, सोफे, लहान मुलांची खेळणी. मजकूर सोपा वाटला म्हणून दोन दिवसांत उरकून टाकला होता. संपादकबाईंनी बाकी कशालाही हात लावला नव्हता, एकच शब्द धरला होता. जिथे जिथे मी 'मऊ' लिहिलं होतं तिथे तिथे लाल गोल, आणि पहिल्या गोलाशेजारी समासात एक ओळ: "मऊ म्हणजे कसलं मऊ?"

मोजले. सतरा 'मऊ' निघाले. मूळ इंग्रजी शेजारी उघडून ताडून पाहिलं तर त्यातले पाच 'सॉफ्ट' होते, दोन 'फ्लफी', एक 'सिल्की' आणि उरलेले नऊच्या नऊ 'प्लश'.

प्लश हा शब्द मला येतो अशी माझी समजूत होती. वाचनात कितीदा तरी आलेला. कुठल्याशा कादंबरीत नायक प्लश हॉटेलात उतरतो, कुठे प्लश खुर्च्या असतात, कुठे प्लश गालिचा. वाक्याचा रोख कळायचा, मी पुढे जायचे. अजिबात न येणारा शब्द निदान अडवतो तरी, कोश उघडायला लावतो. हा म्हणजे जिन्यात रोज भेटणारा आणि मान हलवून निघून जाणारा शेजारी. नाव काय, करतो काय, कधी विचारलेलंच नाही. आणि एवढ्या वर्षांनी विचारायचं तर लाज वाटते.

विचारलं. एका कोशात 'मखमलीसारखे लांब लवेचे कापड' असा अर्थ मिळाला, दुसऱ्यात 'ऐषारामी, आलिशान'. पहिला अर्थ घेतला तर गादी लवेच्या कापडाची होईना, दुसरा घेतला तर 'आलिशान अस्वल' असा प्रकार तयार होईना. म्हणजे झाला, पण तो मला संपादकबाईंना पाठवायचा नव्हता. दोन्ही अर्थ खरे होते, आणि दोघांची एकमेकांशी ओळख नसल्यासारखे आपापल्या ओळीत बसले होते.

शेवटी त्यांनाच फोन लावला. "बाई, या प्लुशचं काय करू?" म्हटलं. बोलण्याच्या ओघात तीन-चारदा प्लुश-प्लुश झालं असेल. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "असं करा, प्लशच्या नऊही जागा एकदम बदलू नका, एकेक करून बघा." प्लश. पश्चिमेतला 'प', त्याला 'ल', आणि साधा 'श'. एवढंच बोलल्या, पण माझे कान तापले. इतकी वर्षं मी हा शब्द डोळ्यांनी वाचत आले होते, तोंडाने कधी उच्चारलाच नव्हता. पुश आणि बुश पाहून मनातल्या मनात त्याला उकार देऊन टाकला होता.

फोन ठेवला आणि आधी ही भानगड मिटवायला बसले. रश, ब्रश, क्रश, ब्लश, फ्लश, लश, हश, सगळे अकारवाले. उकारवाले शोधायला गेलं तर पुश आणि बुश, आणि बुशच्याच नात्यातला अँबुश. बस. मग हे दोनच वेगळे का? तर सतराव्या शतकाच्या सुमाराला दक्षिण इंग्लंडात ऱ्हस्व उकाराचा उच्चार हळूहळू अकाराकडे सरकला. पण शब्दाच्या सुरुवातीला प, ब, फ यांसारखा ओठांनी उच्चारायचा वर्ण लगेच उकाराला चिकटून असेल, तर बऱ्याच शब्दांत उकार तसाच राहिला, कारण ओठ आधीच गोल व्हायच्या तयारीत असतात. म्हणून पुट, पुल, फुल, बुल, पुश, बुश. हा काही पक्का कायदा नाही, अपवाद भरपूर आहेत. पण प्लशमध्ये प आणि उकार यांच्या मध्ये 'ल' शिरला आणि उकार सुटला, अशी मी माझी समजूत घालून घेतली. गंमत म्हणजे उत्तर इंग्लंडातल्या बोलींत हा बदल झालाच नाही. तिथली कित्येक माणसं आजही 'प्लुश'च्या जवळचंच काहीतरी म्हणतात. हे वाचल्यावर कान जरा गार झाले.

उच्चार झाला, अर्थ राहिला. तो कागदावर सापडेना, तेव्हा सोफे शिवणाऱ्या काकांकडे गेले. ओळखीतलेच आहेत. त्यांच्याकडे कापडाचे नमुने गठ्ठ्याने पडलेले असतात.

"काका, यातलं प्लश कुठलं?"

"आम्ही सगळ्यालाच वेल्वेट म्हणतो, ताई. गिऱ्हाईक नाव विचारत नाही, हात फिरवतं."

हे मला आधी सुचायला हवं होतं. मी नऊ वेळा एका कापडाबद्दल लिहिलं होतं आणि एकदाही कशावर हात ठेवला नव्हता.

काकांनी दोन तुकडे काढून समोर टाकले. दोन्ही गडद हिरवे, लांबून बघितलं तर जुळी भावंडं. पहिल्यावर हात फिरवला, मखमल. गुळगुळीत, गार, हात सरकून पुढे जातो. दुसऱ्यावर ठेवला तर हात सरकला नाही, थोडा आत गेला. मग काकांनी पहिला तुकडा बोटावर आडवा घालून वाकवला. वाकलेल्या जागी सगळं हिरवंच, तळ कुठे दिसेना. दुसरा तसाच वाकवला आणि मध्ये रेघ पडली, केसांत भांग पडावा तशी. भांगाच्या तळाशी फिकट विणलेलं कापड दिसत होतं.

"हे लांब केसाचं," काका म्हणाले. "लांब असलं की विरळ वाटतं. ते आखूड आणि गच्च."

कोशातला 'लांब लवेचे' हा शब्द मी किती सहज वाचून सोडला होता! मखमल आणि प्लश यांच्यातला फरक एवढाच आहे, आणि तो असा बोटावर दिसतो. मखमलीची लव साधारण तीन मिलिमीटरांच्या आत, प्लशची त्याहून लांब आणि कमी दाट. दोन्ही विणायची तऱ्हा एकाच घराण्यातली. नेहमीच्या कापडाला एक ताणा आणि एक बाणा असतो, उभे धागे आणि आडवे धागे. असल्या लवेच्या कापडाला सहसा ताणे दोन लागतात. एक खालचं कापड धरून ठेवतो, दुसरा वर उठून लव होतो. ही लव उभी राहते कशी हे मला कधी कळलं नव्हतं. एक पद्धत अशी की एकावर एक अशी दोन कापडं एकाच वेळी विणायची, मध्ये फट ठेवायची, आणि लवेचा ताणा वरच्या कापडातून खालच्यात, खालच्यातून वरच्यात असा नाचवत ठेवायचा. मग त्या फटीतून धारदार पातं फिरतं, मधले धागे कापले जातात आणि दोन्ही कापडं सुटी होतात. प्रत्येकाच्या अंगावर कापलेल्या धाग्यांची टोकं उभी. ज्याला आपण मऊ म्हणून गोंजारतो ती सगळी सुरीने कापलेली टोकं असतात.

काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. कोपऱ्यात दोन बैठकांचा एक सोफा होता. एक बैठक गडद, दुसरी जरा फिकी. मला वाटलं कापड कमी पडलं असेल, दुसरं लावलं असेल.

"थान एकच," काका म्हणाले, "पोराने एक तुकडा उलटा कापला."

लवेला दिशा असते. सुलट बाजूने हात फिरवला की लव आडवी पडते, तिच्यावर उजेड सरकतो आणि रंग फिका दिसतो. उलट फिरवला की ती उभी राहते, उजेड आत शिरून अडकतो आणि रंग गडद होतो. म्हणून कापड बेतायच्या आधी मागच्या बाजूला खडूने बाण काढून ठेवायचा आणि सगळे तुकडे एकाच बाणाने कापायचे. पोराने बाण काढला नव्हता. आता ती बैठक उसवून पुन्हा करायची होती. पोरगा तिथेच खाली मान घालून टाके उसवत बसला होता. मला त्याचं फार वाईट वाटलं. सतरा लाल गोल मीही नुकतेच घेतले होते.

उठता उठता त्या फिक्या बैठकीवर बोटाने एक 'प' काढला. उलट दिशेने गेलेली रेघ गडद उमटली. तळव्याने पुसला, गेला.

घरी येऊन पुन्हा त्या नऊ जागा उघडल्या. आता निदान एवढं कळत होतं की माझा 'मऊ' कुठे कमी पडला. रेशीम मऊ असतं, पण त्यात बोट बुडत नाही. जुनं, धुऊन धुऊन विरलेलं सुती कापड मऊ असतं, कोवळं पान मऊ असतं, भिजलेली मातीसुद्धा मऊ असते. प्लशला खोली लागते. वरून हात ठेवला की तो थोडा आत जायला हवा, आणि आत गेल्यावर काहीतरी त्याला तोलून धरणारं हवं. प्लश म्हणजे मऊपणा अधिक जाडी. आणि ही जाडी गरजेपेक्षा जास्त असायला हवी, म्हणूनच त्यात श्रीमंती येते. धाग्याचं काम एका थरात भागलं असतं, तिथे दुसरा ताणा निव्वळ स्पर्शासाठी घातलेला असतो.

मग मराठीत याला एकच शब्द का सापडेना, हेही थोडं उमगलं. भारी कापडाचं कौतुक करायला आपल्या भाषेत जे शब्द तोंडावर येतात ते पातळपणाचे. तलम, झुळझुळीत, अंगठीतून आरपार जाईल असं. आपली ऐट बारीक सुतात. जाड आणि मऊ आणि वर भारी, असं म्हणायची वेळ आली की आपण मखमलीकडे वळतो, आणि मखमलसुद्धा बाहेरूनच आली, अरबी-फारसीतून. तिच्या मुळाशी जो अरबी शब्द आहे त्याचा अर्थ कापडावरची लव असाच आहे.

हे लवेचं प्रकरण मग मला सोडेना. प्लशचं मूळ बघितलं. इंग्रजीत तो सोळाव्या शतकाच्या अखेरीला फ्रेंचमधून आला. फ्रेंचमध्ये 'पेलूश', आणि त्याच्या मागे लॅटिन 'पिलुस'. पिलुस म्हणजे केस. गालिच्याच्या लवेला इंग्रजीत 'पाइल' म्हणतात तोही इथलाच. नको असलेले केस काढण्याला 'डेपिलेट' म्हणतात, तोही. आणि सगळ्यात लाडका म्हणजे 'कॅटरपिलर'. त्याचं मूळ जुन्या फ्रेंचमधल्या ज्या शब्दात सांगतात त्याचा अर्थ 'केसाळ मांजर'. म्हणजे माझ्या माहितीपत्रकातली गादी आणि अंगणातला सुरवंट चुलतभावंडं निघाली. वेल्वेटही फार लांबचा नाही. त्याच्या मुळाशी लॅटिन 'विल्लुस', दाट केस. मखमल, वेल्वेट, प्लश, तिन्ही शब्दांत माणसांनी या कापडाकडे बघून एकच गोष्ट पाहिली, की याच्या अंगावर केस आहेत. मराठीत तर अंगावरच्या कोवळ्या केसांना आणि कापडाच्या केसांना 'लव' हा एकच शब्द आहे. दोन दिवस शोधत होते तो शब्द काकांच्या गठ्ठ्यात नव्हता, कोशातल्या पहिल्याच ओळीत होता आणि मी त्याच्यावरून दोनदा गेले होते.

पण केसाळ कापडापासून आलिशानपर्यंत हा शब्द पोचला कसा, हे अजून सुटत नव्हतं. माझा अंदाज सरळ होता. राजेरजवाडे घालत असतील, म्हणून श्रीमंतीचा अर्थ चिकटला असेल. गंमत अशी की अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात प्लशची तुमान ही मोठ्या घरच्या नोकरांची खूण होती. दारात उभे राहणारे, बग्गीच्या मागे उभे राहणारे, ताटं वाढणारे गणवेशातले नोकर भडक रंगाच्या प्लशच्या, गुडघ्यापर्यंतच्या विजारी घालायचे. धन्याची श्रीमंती नोकराच्या मांड्यांवर दिसायची. धनी स्वतः ती डोक्यावर घ्यायचा, कारण एकोणिसाव्या शतकात त्या उंच काळ्या टोप्या रेशमी प्लशच्या होऊ लागल्या. त्याआधी त्या बीव्हर नावाच्या प्राण्याच्या केसांच्या असायच्या. पुढे हे कापड नाटकगृहांच्या खुर्च्यांवर आणि रेल्वेच्या वरच्या वर्गाच्या बाकांवर चढलं. तिकीट काढलेला कोणीही माणूस तीन तास प्लशवर बसून घेऊ शकत होता. आणि मग 1920च्या दशकात 'प्लश' हे विशेषण कापडाला सोडून जागेलाच लागू लागलं. प्लश खोली, प्लश हॉटेल, प्लश ऑफिस. तिथे प्लशचा एक धागाही नसला तरी चालतं. जिथे सगळं अंगाला बरं वाटेल असं असतं आणि ते तसं करायला पैसा ओतलेला दिसतो, ती जागा प्लश.

कोशातल्या त्या दोन ओळींची ओळख झाली.

अस्वलाचंही याच वाटेवर सापडलं. जर्मनीत मार्गारेटे श्टाइफ नावाची शिवणकाम करणारी बाई होती. पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत बसून काम करायची. 1880मध्ये तिने फेल्टचा, म्हणजे दाबून केलेल्या लोकरी कापडाचा, एक छोटा हत्ती केला, टाचण्या खोचायला. मुलांनी तो खेळायला घेतला आणि त्यातून खेळण्यांचा कारखाना उभा राहिला. तिच्या भाच्याने, रिचर्डने, 1902मध्ये हातपाय हलणारं अस्वल बेतलं. त्याचं नाव नव्हतं, क्रमांक होता: 55 पीबी. पंचावन्न म्हणजे उंची, सेंटिमीटरमध्ये. 'पी' म्हणजे प्लुश, 'बी' म्हणजे जर्मनमधलं 'हलणारं'. जर्मन उच्चार प्लुशच्याच अंगाने जातो, हे वाचून मला परत एकदा बरं वाटलं. ते कापड अंगोरा शेळीच्या केसांचं, मोहेरचं होतं. आज बहुतेक खेळणी पॉलिएस्टरची असतात, पण कापडाचं नाव खेळण्याला चिकटून राहिलं. फ्रेंचमध्ये आणि स्पॅनिशमध्ये तर कापूस भरलेल्या खेळण्याला त्या कापडाच्याच नावाने हाक मारतात. इंग्रजीतही मुलं 'प्लशी' म्हणतात.

नवीन शब्द हातात आला की तो जिथे तिथे लावून बघायची खोड असते. पुढच्या आठवड्यात मी इंग्रजीत एका ओळखीच्या बाईंना पत्र लिहिलं आणि त्यात त्यांच्या बागेला प्लश म्हटलं. त्यांनी सभ्यपणे उलट लिहिलं की हो, या वर्षी बाग खरंच 'लश' झाली आहे. एका 'प'चा फरक. लश म्हणजे हिरवागार, रसरशीत, वाढलेला. प्लश शिवलेला, लश उगवलेला. सुती कुडत्यालाही एकदा प्लश म्हणून झालं, तेही चुकलं, कारण त्याला लवही नाही आणि जाडीही नाही. मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये म्हणतात, मी खणत होते. एक वापर मात्र जमला. कोणाच्या तरी गाण्याबद्दल बोलताना 'प्लश आवाज' म्हटलं आणि कोणी हसलं नाही. इंग्रजीत दाट, भरलेल्या, कान बुडेल अशा आवाजाला तसं म्हणतात.

'कुशी' हा इंग्रजी शब्द मी याच्याच जवळ मांडून ठेवला होता, कुशनचा भाऊ समजून. आरामाची नोकरी, कुशी जॉब. तो कुशनचा कोणी नाही. तो आपला 'खूश', भारतातल्या ब्रिटिश फौजेच्या बोलीतून इंग्रजीत गेलेला. एवढं घरचं माणूस, आणि परका वेश घालून समोर बसलेलं.

नऊ जागांचं काय केलं ते सांगते. एकच शब्द नऊ ठिकाणी बसवायचा हट्ट आधी सोडला. गालिच्याला 'दाट लवेचा' लिहिलं. तिथे प्लश म्हणजे एकसारख्या उंचीची कापलेली लव. असल्या गालिच्यावरून चाललं की पावलांचे ठसे उमटतात, काकांच्या बैठकीवर माझा 'प' उमटला तसे. माहितीपत्रकात तेही वाक्य होतं आणि पहिल्या वेळी मला ते गालिच्यातला दोष वाटलं होतं. गादीवर वेळ गेला. गादीच्या जगात प्लश हा आता स्पर्शाचा शब्द राहिलेला नाही, मोजमापाचा झाला आहे. कडक, मध्यम, प्लश अशा पायऱ्या असतात, आणि प्लशवर झोपलं की खांदा आणि कंबर आत जातात. तिथे 'लव' लिहिलं असतं तर खोटं झालं असतं. 'अंग रुतेल अशी' असं लिहिलं. संपादकबाईंनी 'रुतेल' खाली रेघ मारून विचारलं, "दलदलीत रुततं ना?" बरोबर होतं. 'अंग सामावून घेणारी' केलं. सपातांना 'आतून लोकरीसारख्या', सोफ्याला 'गुबगुबीत आणि ऐसपैस'. हॉटेलच्या खोलीसारखी सजावट असलेल्या पानावर 'आलिशान' चाललं, तिथे कापडाचा संबंधच नव्हता. एके ठिकाणी 'मऊसूत' ठेवलं. मूळ शब्दाला ते तितकं जुळत नाही हे मला ठाऊक आहे, पण वाक्य उशीबद्दल होतं आणि 'मऊसूत' म्हटलं की माझी मान आपोआप कलते. 'लुसलुशीत' दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. लुसलुशीत हा पालवीचा शब्द. तो लशच्या घरात शोभतो.

राहिलं अस्वल. 'गुबगुबीत अस्वल' म्हणावं तर ते आतल्या कापसाचं वर्णन झालं, वरच्या कापडाचं नाही. 'केसाळ अस्वल' लिहून बघितलं आणि भाचीला वाचून दाखवलं. ती सात वर्षांची आहे, तिच्याकडे असलं एक अस्वल आहे, म्हटलं तज्ज्ञाला विचारावं.

"शी, मावशी! केसाळ कोळी असतो."

"मग काय म्हणू?"

"अस्वल म्हण ना."

मी तिचं अस्वल मागून घेतलं. वाकवून बघायचं होतं, भांग पडतो का. पडला, पाठीवर आणि पायांवर. पोटावर भांग पडायला काही उरलंच नव्हतं. ती ते रोज पोटाशी धरून झोपते, एक कान धरून घरभर ओढते. पोटावरची आणि त्या कानावरची लव पार झिजून गेली होती आणि खालचं विणलेलं कापड उघडं पडलं होतं. जाळीदार, धाग्याला धागा मोजता येईल असं. मी बोट ठेवलं. खरखरीत लागलं. काकांकडे भांगाच्या तळाशी जे फिकट काहीतरी दिसलं होतं, ते इथे सगळं वर आलं होतं.

आणि एकदम उलगडा झाला, की याला इंग्रजीत काय म्हणतात ते तर मला येतं. जीर्ण, विटक्या कपड्यांसाठी, गालिच्यांसाठी वापरतात तो 'थ्रेडबेअर'. तोही मी वर्षानुवर्षं 'फाटका, जुना' अशा अंदाजाने वाचत आलेली. थ्रेड म्हणजे धागा आणि बेअर म्हणजे उघडा. लव गेली आणि धागे उघडे पडले. प्लशचा उलटा शब्द, त्याच कापडाच्या पोटावर.

भाचीला उत्साहाने सांगितलं. "बघ, याला इंग्रजीत थ्रेडबेअर म्हणतात." आणि शेजारच्या कोऱ्या कागदावर देवनागरीत लिहूनही दाखवलं.

तिने अक्षरं जुळवत वाचलं. मग अस्वल माझ्या हातातून काढून घेतलं.

"धाग्याचं अस्वल," ती म्हणाली. "म्हणजे तू माहितीपत्रकात तेच लिही की."